कलुषाची जागा : दरबारी खलपुरुष, वंश आणि दप्तर

व्लादिमीर प्रॉपने १९२८ साली रशियन अद्भुतकथांचे रूपविज्ञान मांडले, तेव्हा खलनायक ही व्यक्ती नसून कथेतील एक कार्यक्षेत्र आहे, हे त्याने दाखवून दिले. लांडगा असो, चेटकीण असो वा सावत्र आई असो, हानी घडवून आणणारे कुणीतरी कथेला लागते. ते काम कोण करतो हे गौण ठरते. ऐतिहासिक कथनाला हा सिद्धान्त जसाच्या तसा लावता येत नाही. तेथे लांडग्याला नाव असते, मृत्यूची तिथी असते, आणि कित्येकदा त्याची मुद्रा उमटलेला कागदही दप्तरात शिल्लक असतो. अद्भुतकथेत चेटकिणीच्या जागी राक्षस आला तर कुणावर अन्याय होत नाही. ऐतिहासिक कथनात खलपुरुषाच्या जागी दुसरा आला तर एकाची मुक्तता होते आणि दुसऱ्याची मरणोत्तर बदनामी. ऐतिहासिक कादंबरी आणि नाटक यांत सत्य किती व कल्पित किती, हा वाद मराठी समीक्षेने मनसोक्त घातला आहे. खलपुरुषाचे हे पद कोणाकडे जाते आणि कोणत्या न्यायाने जाते, या प्रश्नाकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले.

या प्रश्नाचे एक अत्यंत उघडे, जवळजवळ प्रयोगशाळेतले म्हणावे असे उदाहरण कादंबरीत किंवा नाटकात न सापडता एका व्हिडिओ गेममध्ये सापडते. ‘असॅसिन्स क्रीड क्रॉनिकल्स : चायना’ हा खेळ २०१५ साली आला. त्याची कथा १५२६ पासून, मिंग घराण्याच्या काळात घडते. शाओ जून नावाची, पूर्वी राजवाड्यात उपस्त्री असलेली कल्पित नायिका सूड घेण्यासाठी चीनमध्ये परतते. तिचे शत्रू म्हणजे ‘आठ वाघ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खोजा दरबाऱ्यांची टोळी. खेळणाऱ्याने अंधारातून सरकत जाऊन त्यांना एकेक करून गाठायचे आहे. टोळीचा म्होरक्या आणि शेवटचे लक्ष्य जांग योंग. नायिकेचा गुरू आहे वांग यांगमिंग. चिनी विचारपरंपरेत कन्फ्यूशियसनंतरच्या थोर तत्त्वज्ञांत ज्याची गणना होते, तोच. तत्त्वज्ञ एका बाजूला आणि खोजा दुसऱ्या बाजूला, अशी ही मांडणी आहे.

जांग योंग कल्पित नाही, आणि आठ वाघही नाहीत. जंगद सम्राट १५०५ साली कोवळ्या वयात गादीवर आला, तेव्हा त्याच्याभोवती जमलेल्या आठ खोजांना हे नाव पडले. त्यांचा खरा म्होरक्या ल्यू जिन. त्याला विरोध केला म्हणून ज्या अधिकाऱ्यांना दरबारात फटके बसले आणि दूर देशी धाडण्यात आले, त्यांत वांग यांगमिंग होता. १५१० मध्ये एका राजपुत्राचे बंड मोडण्याच्या कामगिरीवर जांग योंग गेला आणि परत येऊन त्याने सम्राटाच्या कानावर ल्यू जिनचे अपराध घातले. ल्यू जिनला हालहाल करून ठार करण्यात आले. पुढे १५१९ मध्ये निंगच्या राजपुत्राने बंड केले. वांग यांगमिंगने ते मोडले, पण दरबारातील मर्जीतल्या मंडळींनी उलट त्याच्यावरच संशय उभा केला. त्या अडचणीच्या वेळी वांगने कैदी राजपुत्राला ज्याच्या स्वाधीन केले आणि ज्याने सम्राटापाशी वांगची बाजू सांभाळली, तो खोजा म्हणजे जांग योंग.

अर्थात जांग योंग साधुपुरुष होता, असे यातून सिद्ध होत नाही. तोही त्या आठांतलाच होता आणि त्याने ल्यू जिनला पाडण्यामागे स्वतःचे हितसंबंध होतेच. परंतु खेळाने जे केले ते साधे अतिशयोक्तीकरण नव्हे. १५२६ च्या कथेत ल्यू जिनला आणता येत नव्हते. तो सोळा वर्षांपूर्वी मेला होता. त्यामुळे म्होरक्याचे पद रिकामे होते, आणि ते भरण्यासाठी जो माणूस उपलब्ध होता, तो नेमका ल्यू जिनला पाडणारा आणि वांग यांगमिंगला तारणारा निघाला. कथनाने त्याला त्याच्याच बळीच्या गादीवर बसवले आणि ज्याला त्याने वाचवले त्याचा वैरी केले. हे अज्ञानातून झाले की जाणूनबुजून, हा मुद्दा महत्त्वाचा नाही. कथेला एक खोजा हवा होता. कोणता, याला महत्त्व नव्हते.

आता ‘उपलब्ध’ या शब्दाकडे नीट पाहिले पाहिजे. चीनचे राजघराण्यांचे इतिहास परीक्षा उत्तीर्ण होऊन अधिकारपदावर पोहोचलेल्या विद्वानांच्या वर्गाने लिहिले. मिंग घराण्याचा अधिकृत इतिहास त्यानंतरच्या छिंग राजवटीत, १७३९ साली पुरा झाला. त्यात खोजांची चरित्रे वेगळ्या विभागात कोंबलेली आहेत. केरळच्या किनाऱ्यापर्यंत गलबते घेऊन आलेला दर्यावर्दी जंग ह आणि ल्यू जिन एकाच कोंडवाड्यात आढळतात, कारण वर्गीकरण कर्तृत्वावर नसून देहावर आहे. लेखणी धरणारा हा वर्ग आणि खोजे यांच्यात एकाच वस्तूसाठी स्पर्धा होती; ती वस्तू म्हणजे सम्राटाचा कान. विद्वानाला अर्ज करून, पायऱ्या चढून तेथवर जावे लागे, तर खोजा रात्री दिवा विझवायला तेथेच असे. (कागदाच्या निर्मितीचे श्रेय चिनी परंपरेने ज्याला दिले, तो हान दरबारचा त्साय लुन हाही खोजाच होता. आपल्या जातीच्या बदनामीसाठी तोच कागद वापरला जाईल, हे त्याला कुठे ठाऊक असणार?)

परंतु केवळ लेखणी दुसऱ्याच्या हातात होती, एवढ्याने भागत नाही. बदनामी टिकायची असेल तर तिच्यावर अपील करणारा कुणी नसावा लागतो. खोजा हा निर्वंश. त्याच्या मागे श्राद्ध करणारा नाही, तसा त्याच्या बाजूने बखर लिहिणाराही नाही. या नियमाची कसोटी पाहायची तर चिनी इतिहासातच एक अपवाद आहे. चीनमध्ये खोजांना दत्तक घेण्याची मुभा मिळत असे. हान दरबारातील त्साव तंग या खोजाने मुलगा दत्तक घेतला. त्या मुलाचा मुलगा म्हणजे त्साव त्साव. ‘तीन राज्यांची कहाणी’ या प्रसिद्ध चिनी कादंबरीत तो कपटी खलपुरुष आहे, आणि त्याच्या हयातीत शत्रूंनी त्याला खोजाचा नातू म्हणून हिणवलेही. पण त्याच्या वंशजांना गादी मिळाली, आणि त्यांनी निपणज्याला मरणोत्तर सम्राटपद बहाल केले. एका खोजाला! पुढे जपानच्या कोएई कंपनीने १९८५ पासून या कादंबरीवर खेळ काढले. त्यांत खेळणारा त्साव त्सावची बाजू घेऊन चीन एकछत्री करू शकतो. तेव्हा व्हिडिओ गेम हा प्रकारच मुळात फेरसुनावणीला असमर्थ आहे असे नव्हे. ज्याच्यामागे वंश आहे त्याच्यासाठी न्यायालय उघडे असते.

मराठी मुलखाच्या इतिहासात दरबारी खोजा म्हटले की मलिक काफूरचे नाव पुढे येते. १२९९ च्या गुजरात मोहिमेत खंबायत येथे तो अल्लाउद्दीन खिलजीच्या सेनेच्या हाती लागला. १३०७-०८ मध्ये देवगिरीवर चालून आला, रामदेवरावाला दिल्लीस घेऊन गेला. पुढे वरंगळ, द्वारसमुद्र, मदुरा. १३१६ मध्ये सुलतान वारल्यावर त्याने एका अल्पवयीन राजपुत्राला गादीवर बसवले, थोरल्यांचे डोळे काढवले आणि महिनाभराच्या आतबाहेर पहारेकऱ्यांच्या हातून तो मारला गेला. ही कृत्ये खोटी नाहीत. तरीही त्याच्याविषयीच्या दोन फार्सी लेखनांत जे अंतर पडते ते बोलके आहे. अमीर खुसरोच्या समकालीन ग्रंथात तो विजयी सेनापती आहे. १३५७ मध्ये इतिहास पुरा करणाऱ्या जियाउद्दीन बरनीच्या ग्रंथात तो सगळ्या अनर्थाचे मूळ ठरतो. बरनी खानदानी अधिकारी घराण्यातला. हलक्या कुळातल्यांना पदे देऊ नयेत, हे त्याच्या राजनीतीचे सूत्रच होते. २०१८ च्या ‘पद्मावत’ या हिंदी चित्रपटाने यातला बरनी उचलला आणि खुसरो सोडून दिला. त्या चित्रपटावर देशभर गदारोळ झाला, तो राणीच्या प्रतिमेवरून. काफूरच्या प्रतिमेसाठी रस्त्यावर कोण येणार?

येथे एक आक्षेप येऊ शकतो : खोजाचा देहच आपल्या परंपरेला खलत्वाचे चिन्ह वाटत आला असेल, मग वंशाचा सिद्धान्त कशाला? परंतु आपल्या परंपरेची साक्ष तशी नाही. विराटाच्या अंतःपुरातला बृहन्नला हा नायकच आहे. संस्कृत नाटकातील वर्षवर प्रेक्षकांना हसवून जातो, कारस्थाने करीत नाही. अंतःपुराचा सर्वाधिकार हाती असलेला कंचुकी तर आपल्या म्हातारपणाची कुरकूर करणारा, बहुधा भला माणूस. राजाच्या कानाशी असणे किंवा पुरुषत्वाच्या रूढ कल्पनेबाहेर असणे, यांपैकी कशानेही खलत्व आपोआप येत नाही. ते कथेच्या गरजेतून येते.

ही गरज मराठीत सर्वांत स्पष्टपणे दिसते ती कवी कलशाच्या बाबतीत. तो खोजा नव्हता. पण खलपदाला लागणारी इतर सर्व पात्रता त्याच्याकडे होती. कनोजचा, म्हणजे परका. छत्रपती संभाजी महाराजांच्या विश्वासातला, छंदोगामात्य ही पदवी मिळालेला. महाराष्ट्रात सोयरीक नाही, वतन नाही, म्हणजे येथील हिशेबाने निर्वंशच. मराठी कथनाने त्याचे नावही त्याला ठेवू दिले नाही. कलशाचा ‘कलुषा’ झाला, आणि त्या अपभ्रंशातच आरोपपत्र आले. खोजाच्या देहाचे काम येथे मंत्रतंत्राने केले. राजा स्वतःच्या बुद्धीने वागत नव्हता, त्याच्यावर अघोरी प्रयोग झाले होते, असे सांगता आले की राजाचे दोष सांगताही येतात आणि गादीचा मान राखताही येतो.

ही प्रतिमा जिने घट्ट केली ती मल्हार रामराव चिटणीसांची बखर १८१० च्या सुमारास, म्हणजे घटनांनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी साताऱ्यात सिद्ध झाली. मल्हार रामराव हे बाळाजी आवजी चिटणीसांचे वंशज; आणि बाळाजी आवजींना १६८१ मध्ये संभाजी महाराजांनी कटाच्या आरोपावरून देहदंड दिला होता. एका घराण्याचे दुःख चार पिढ्या दप्तरात टिकून राहिले आणि अखेर इतिहास म्हणून बाहेर पडले. त्यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. बाळाजी आवजींचे चिरंजीव खंडो बल्लाळ यांनी वडिलांच्या वधानंतरही त्याच गादीची एकनिष्ठ सेवा केली, ही गोष्ट त्या घराण्याच्या मोठेपणाची आहे. पण ज्या धन्याची सेवा केली त्याला दोष कसा द्यायचा, हा पेचही त्यातूनच उभा राहतो. कलुषा हे त्या पेचाचे उत्तर होते. ग्रँट डफने १८२६ मध्ये इंग्रजीत मराठ्यांचा इतिहास लिहिला तेव्हा साताऱ्याची ही सामग्री त्याच्यासमोर होती. तेथून कलुषा शालेय पुस्तकांत आणि रंगभूमीवर पोहोचायला अडथळा उरला नाही.

राम गणेश गडकऱ्यांचे ‘राजसंन्यास’ या मालिकेत येते. गडकरी १९१९ च्या जानेवारीत नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे वारले, आणि हे अपुरे नाटक त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले. त्यात कलुषा आहे, आणि जिवाजी कलमदाने नावाचा कारकूनही आहे. कलमदाने हे विनोदी पात्र आहे. लेखणीवाला हास्यास्पद आणि कानाशी लागणारा भयंकर, ही वाटणी गडकऱ्यांच्या प्रतिभेने सहज केली. प्रत्यक्षात कलुषाला भयंकर करण्याचे सामर्थ्य लेखणीवाल्याकडेच होते, हा उपरोध त्यांच्या ध्यानात आला असेल असे वाटत नाही. २०१७ च्या जानेवारीत पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा उखडला गेला. कारण सांगितले गेले ते या नाटकातील संभाजी महाराजांच्या चित्रणाचे. कलुषाचा प्रश्न त्या वादात आनुषंगिकच राहिला.

दरम्यान कलशाची सुटका संशोधनाने केली होती. वा. सी. बेंद्रे यांचे संभाजी महाराजांचे चरित्र १९६० मध्ये आणि डॉ. कमल गोखले यांचे १९७१ मध्ये आले. अस्सल पत्रे, मोगली आणि युरोपीय साधने पुढे ठेवून त्यांनी बखरीच्या साक्षीचे मोल ठरवले. शिवाय एक साधी गोष्ट बखरीच्या विरोधात आधीपासूनच उभी होती : १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरी कलश धन्याबरोबर पकडला गेला आणि मार्चमध्ये धन्याबरोबरच हाल सोसून मेला. घरभेद्याला असा मृत्यू सहसा येत नाही. शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ने १९७९ मध्ये हा निष्ठावंत कलश घराघरांत पोहोचवला. आज कलुषा हा शब्द उच्चारताना सुशिक्षित वाचक अडखळतो. मराठी ऐतिहासिक कथनाने स्वतःचा निकाल स्वतः फिरवल्याचे इतके ठळक उदाहरण दुसरे नाही, आणि त्याचे श्रेय संशोधकांना निःसंकोच दिले पाहिजे.

परंतु कलश मुक्त झाल्यावर त्याच्या जागेचे काय झाले? ती जागा रद्द झाली नाही. अण्णाजी दत्तो, सोयराबाई, आणि मग शिर्के, असे तिचे पुढील धनी पाहायला मिळतात. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ हा हिंदी चित्रपट आला. त्यात कवी कलश हा नायकाचा जिवाभावाचा सोबती आहे. संगमेश्वरची बातमी फोडणारे म्हणून गणोजी आणि कान्होजी शिर्के उभे केले आहेत. १६८८ मध्ये शिर्के आणि कलश यांच्यात उघड संघर्ष झाला होता. म्हणजे एकेकाळी कलश दोषी होता, आता त्याच्याशी भांडणारे दोषी. ल्यू जिनच्या जागी जांग योंग बसावा तसाच हा प्रकार. फरक पुढे पडला. शिर्के घराण्याच्या वंशजांनी जाहीर आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. कलशाला मुक्त होण्यासाठी १८१० पासून दीडशे वर्षे आणि बेंद्र्यांसारख्याची आयुष्यभराची तपश्चर्या लागली. शिर्क्यांची तक्रार काही दिवसांत पोहोचली. येथे शिर्क्यांचा दावा खरा की खोटा, हा प्रश्नच नाही. ज्याच्या मागे कुळ आहे त्याला वकीलपत्र द्यावे लागत नाही, एवढेच दिसते.

असाच आणखी एक कनोजी मराठी रंगभूमीवर आला. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मधील (१९७२) घाशीराम कनोजहून पुण्यात येतो, अपमानित होतो, कोतवाल होतो आणि ठेचला जातो. खलपुरुष ही व्यक्ती नसून नेमणूक आहे, हे या नाटकाने रंगमंचावर उघड दाखवले. नाना त्याला नेमतो, वापरतो आणि जमावाच्या हाती देतो. इतर कथने जे पद गुपचूप भरतात, ते तेंडुलकरांनी नेमणुकीच्या विधीसकट दाखवले. यात प्रॉपचा सिद्धान्त आणि इतिहासाचे ओझे दोन्ही एकत्र येतात. नाटकाविरुद्ध वादळ उठले, ते नाना फडणविसांची बदनामी झाली म्हणून. प्रत्यक्षात १७९१ मध्ये दगडांनी ठेचून मारल्या गेलेल्या घाशीरामाच्या बाजूने कुणी निषेधपत्रक काढल्याची नोंद नाही. नाटकाने जे सांगितले, त्याचा पुरावा नाटकाच्या विरोधकांनीच दिला.

येथवर वंश म्हणजे रक्ताचा वंश असे गृहीत धरले. नागपूरच्या बाबतीत ही व्याख्या अपुरी पडते. १८१६ मध्ये दुसरे रघूजी भोसले वारले. दुर्बल परसोजी गादीवर आले आणि कारभार आप्पासाहेबांकडे गेला. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी राजवाड्यात मृत आढळले. त्या वेळी आप्पासाहेब चांद्याला होते. नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, कंपनीचा जय झाला, आणि त्यानंतर परसोजींच्या खुनाचा आरोप आप्पासाहेबांवर जोराने पुढे आला. ते कैदेतून निसटले; १८४० मध्ये जोधपुरात वारले. दरम्यान तिसरे रघूजी दत्तक येऊन गादी दुसऱ्या शाखेकडे गेली होती, म्हणजे आप्पासाहेबांची बाजू मांडण्यात नव्या दरबाराचा काहीच लाभ नव्हता. १८२१ मध्ये कन्हानकाठी कामठीला कंपनीची छावणी वसली, आणि १८२७ मध्ये रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सचा नागपूर राज्यावरील अहवाल छापला गेला. नंतरच्या बहुतेक लेखनाचा पाया तोच अहवाल आणि रेसिडेन्सीची कागदपत्रे आहेत.

चिटणीसांच्या लेखणीमागे निदान वडिलोपार्जित वेदना होती. जेन्किन्सच्या लेखणीमागे कचेरी होती. कचेरीलाही वंश असतो. एक रेसिडेंट गेला की दुसरा येतो आणि मागच्याच फायली पुढे चालवतो. आप्पासाहेबांनी खून करवला की नाही, याचा निर्णय त्या फायलींच्या आधारे देता येणार नाही, कारण त्या फायलींना निर्णय आधीच हवा होता. नागपूरकर भोसल्यांच्या मोडी कागदांत आणि मराठी खाजगी पत्रव्यवहारात या प्रकरणाची दुसरी बाजू कितपत उरली आहे, ते पाहिल्याशिवाय आप्पासाहेबांवर मराठीत नाटक किंवा कादंबरी लिहू पाहणाऱ्याला खलपदासाठी कामठीच्या छावणीने नेमून दिलेलाच माणूस घ्यावा लागेल.